उजाडलं म्हणायचं कधी

प्रयोगशाळेत ‘उजाडलं’ हा शब्द जपून वापरायचा, असा मामाचा दंडक होता. कुणी सकाळी आळस देत ‘चला, उजाडलं एकदाचं’ म्हणालं, की तो चष्म्यावरून असा बघे की म्हणणाऱ्याची जांभई अर्ध्यात मिटे. त्याच्या लेखी ते एका ओळीचं नाव होतं. चंद्रावर उतरलेल्या गाडीच्या प्रोग्रॅममधली ही ओळ त्याने स्वतः लिहिली होती. गाडीच्या पाठीवर सौर पॅनल होतं. रात्रभर गोठून पडल्यावर त्या पॅनलचं व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर चढलं की गाडीने समजायचं, उजाडलं. मग बॅटरीचा हीटर लावायचा, संगणक जागा करायचा आणि घरी हाक द्यायची.

गाडीचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण सगळे तिला गोगलगाय म्हणत. तिची चाकं पोटाखाली होती आणि चाल अशी की बघणाऱ्याला डुलकी लागावी. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ हे पहिल्याच दिवशी कुणीतरी फळ्यावर लिहिलं होतं, आणि पुसायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ती चंद्रावरच्या सकाळी उतरली, दिवसभर फिरली, आणि आता तिची पहिली संध्याकाळ जवळ आली होती. तिथली रात्र म्हणजे आपले दोन आठवडे. त्या रात्रीतून ती उठली तर आणखी कितीतरी दिवस चालणार होती. नाही उठली तर तिथेच तिचा दगड होणार होता.

हे सगळं शंकीला झोपेतही पाठ होतं. शंकी हे नाव मामानेच पाडलेलं. दिवा मालवला की उजेड जातो कुठे, असं तिने लहानपणी विचारलं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला जेवू दिलं नव्हतं. वडील गेल्यावर आई तिला घेऊन भावाकडे राहायला आली. या मामाच्या टेबलावरच शंकीने पहिली बॅटरी फोडली, पहिला शॉक खाल्ला, आणि पदार्थविज्ञान शिकून शेवटी त्याच्याच विभागात नोकरीला लागली. घरी मामा, ऑफिसात सर. ही सीमा दोघं इतकी काटेकोर पाळत की लिफ्टमध्ये नेमकं काय म्हणायचं, हा तिला रोज प्रश्न पडे.

घोळ सुरू झाला तो दिव्यावरून. पॅनल तपासायला प्रयोगशाळेत एक प्रचंड दिवा होता. त्याला सगळे ‘घरचा सूर्य’ म्हणत. त्याचा जुना सप्लाय जळाला आणि नवा आणला. जुना सप्लाय बटण दाबताच भपकन पूर्ण उजेड पाडायचा. नवा सभ्य होता, उजेड हळूहळू वाढवायचा. शंकीने गाडीच्या जुळ्या बहिणीला, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या हुबेहूब यंत्रणेला, थंड पेटीत गोठवलं, आणि नवा सप्लाय नीट चालतो का बघायला बटण दाबलं.

दिवा मंद लाल झाला. पेटीतून आवाज आला, टक्. मग पुन्हा टक्. मग टक्-टक्, टक्-टक्, थांबायचं नावच नाही.

तिने पंखा बंद केला, पेटीला कान लावला आणि टक्-टक् मोजली. ती तशीच मामाच्या खोलीत गेली.

“सर, जुळी उठत नाहीये.”

“मग उठव.”

“उठतेय आणि पडतेय. येऊन ऐका.”

मामा आला. खिशात हात घालून त्याने ऐकलं. “हीटरचा रिले वाजतोय. सप्लाय खराब निघाला.”

“सप्लाय बरोबर आहे. दिवा मंद असतानाच पॅनलचं व्होल्टेज आपल्या आकड्याच्या वर जातंय. पॅनल गारठलेलं असलं की आणखीच वर. ही म्हणते, उजाडलं. हीटर लावते. पण करंट कुठाय? उजेड तेवढाच करंट. हीटर ओढायला लागला की व्होल्टेज बसतं आणि ही पडते. पडली की ओझं उतरतं, व्होल्टेज परत चढतं, आणि ही परत म्हणते, उजाडलं.”

“हं.”

“नळ फुसफुसला म्हणून कुणी बादली भरली म्हणत नाही, सर.”

“दूध नासलं म्हणून लगेच गाईला दोष देऊ नये,” मामा म्हणाला. “इतकी वर्षं ही चाचणी चालली आहे. एकदाही पडली नाही.”

“कारण इतकी वर्षं आपला सूर्य बटणावर उगवत होता. तिथे उगवायला किती वेळ लागतो ते तुम्हीच मला शिकवलंय. तासाभरात अर्धा अंश वर येत नाही तो. आणि प्रत्येक खेपेला उठताना ती बॅटरीतलं थोडं खाणार. गोठलेल्या बॅटरीतलं.”

“तीन समित्यांनी तपासलंय हे.”

“तिन्ही समित्या बटण दाबल्यावर आत आल्या होत्या.”

कोपऱ्यात रेडिओवाला बसला होता. दिवसभर हेडफोन लावून असायचा म्हणून त्याला सगळे ‘कान’ म्हणत. त्याला हसू आवरेना. मामाने त्याच्याकडे बघितलं आणि कानाने हेडफोन उलटे घातले.

“हे बघ,” मामाचा आवाज खाली आला, आणि तेच वाईट लक्षण होतं. “चालत्या गाड्याला खीळ घालायची नाही. संध्याकाळ तोंडावर आली आहे. आत्ता नवीन ओळ पाठवायची आणि ती चुकली, तर दुरुस्त कोण करणार? तू जाणार पाना घेऊन?”

घरी त्या दिवशी ताटावर कुणीच बोललं नाही. आईने दोनदा वाढलं, तिसऱ्यांदा हात कमरेवर ठेवला. “काय बिनसलंय तुमचं? मिठाला सुद्धा हातवारे करून मागताय.”

“काही नाही,” दोघं एकदमच म्हणाले.

मामा उठून गेल्यावर आईने तिला स्वयंपाकघरात गाठलं. “ऑफिसचं मला कळत नाही. पण त्याची निवृत्ती आली आहे. ही गाडी म्हणजे त्याच्या आयुष्याची कमाई. त्याचा शब्द खाली पडेल असं काही करू नकोस बाई.”

“आणि गाडीच पडली तर?”

“गाडी माझ्या पोटची नाही,” आई म्हणाली आणि भांडी आदळायला लागली.

शंकीला त्या दिवशी झोप लागली नाही हे सांगायला नकोच. सकाळी ती मोठ्या बाईंच्या दाराशी उभी होती. मोठ्या बाई सगळ्या मोहिमेच्या प्रमुख. त्या कमी बोलत आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत पापणीही हलवत नसत. त्यांनी पेटीला कान लावून टक्-टक् ऐकली आणि मामाला बोलावून घेतलं. शंकी आपल्याला ओलांडून वर गेली, हे त्याला दारातच कळलं.  बसायला खुर्ची होती तरी तो उभा राहिला.

उपाय साधा होता. शितावरून भाताची परीक्षा. व्होल्टेज चढलं की लगेच हीटर लावायचा नाही. आधी एक छोटं ओझं लावून बघायचं. व्होल्टेज टिकलं तर ऊन खरं. बसलं तर गप पडून राहायचं आणि बऱ्याच वेळाने पुन्हा बघायचं. शंकीने या पायरीला ‘चाखणी’ नाव दिलं.

“यात एक अडचण आहे,” मामा बाईंना म्हणाला, शंकीकडे न बघता. “चाखणीत चूक निघाली तर गाडी कायमची चाखतच बसेल. मला मागचं दार हवं. आपण इथून ‘ऊठ’ म्हटलं, की ‘झोप’ म्हणेपर्यंत चाखणी बाजूला ठेवून तिने उठत राहिलं पाहिजे.”

गाडीत झोपेतही जागा राहणारा एक छोटा रेडिओ होता, स्वतःच्या वेगळ्या चिमुकल्या बॅटरीवर. त्याला एकच शब्द शिकवता येणार होता. तो शब्द ‘ऊठ’ ठरला. बाकीचे सगळे हुकूम मोठ्या रेडिओला कळत, आणि तो गाडी जागी असतानाच ऐके. झोपलेल्याला ‘झोप’ सांगायची वेळ येईल, हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. शंकीच्याही नाही.

मामाने सही केली आणि पेनचं टोपण लावायला विसरला. ओळ पाठवली, गाडीने पोचल्याचं कळवलं, आणि पुढच्या पाळीला सूर्य तिच्या क्षितिजाखाली गेला.

त्या दोन आठवड्यांत मामा तिच्याशी फक्त कामाचं बोलला. तेही ‘तुम्ही’ म्हणून. एकदा चहा देताना कानाने विचारलं, “मामा-भाचीची अजून अमावस्याच का?” शंकी म्हणाली, “तुझा चहा बघ.” आणि तिचाच चहा तिच्याच्याने गिळवेना.

पहाट आली ती आपल्याकडच्या भर दुपारी. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने फोटो पाठवला. काळ्या जमिनीवर एक बारीक ठिपका चमकत होता. पॅनलवर ऊन पडलं होतं. खोलीत टाळ्या पडल्या. मग सगळे कानाकडे बघत बसले. कान हेडफोन दाबून डोळे मिटून बसला होता.

काही नाही.

शंकीला माहीत होतं की काही येणार नाही. तिच्या ओळीचा अर्थच तो होता. ऊन वर चढेपर्यंत गाडी गप राहणार, चाखणार, पुन्हा गप राहणार. मेलेली गाडीही नेमकी अशीच गप असते. दोन्ही शांतता एकसारख्या दिसतात, हे ओळ लिहिताना तिने लक्षात घेतलं होतं. त्या शांततेत बसावं लागेल, हे मात्र लक्षात घेतलं नव्हतं.

टाळ्या वाजवणारे हळूहळू हात मांडीवर ठेवून बसले. कुणीतरी कुजबुजलं, “जुनी ओळ असती तर एव्हाना उठली असती.” दुसरा म्हणाला, “हळू बोल, ती बसलीये.” शंकीने ते ऐकलं आणि आपलं गणित पुन्हा मांडलं. बरोबर होतं. तिसऱ्यांदा मांडताना एक आकडा चुकला, आणि तिने कागद उलटा ठेवला.

बाईंना वरून फोन आला. त्या बाहेर गेल्या. शंकी तोंडावर पाणी मारायला गेली. आरशात बघून ती स्वतःलाच म्हणाली, “ऊन चढू दे.” एवढाच वेळ गेला.

परत येते तर खोलीत आरडाओरड. कान खुर्चीवरून उठला होता. “आली! आली! तिचाच सूर आहे!” त्याने स्पीकर लावला. बारीक, स्वच्छ सूर खोलीभर पसरला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. कुणीतरी शंकीचा हात धरून जोरात हलवला.

सूर तुटला.

मग पुन्हा आला. पुन्हा तुटला. आला. तुटला.

हसणाऱ्यांना कळायच्या आधी शंकीला कळलं. पेटीला कान लावून तिने हीच लय ऐकली होती. ती वळली. मामा कन्सोलपाशी बसला होता. त्याचा हात अजून कीबोर्डवर होता आणि चेहरा असा, जसा जिन्यावरून मूल पडताना बघणाऱ्या माणसाचा असतो.

“मामा!” ती ओरडली. सगळी खोली वळली. “तुम्ही ‘ऊठ’ पाठवलंत?”

“उजाडलं होतं गं,” तो म्हणाला. “फोटोत दिसत होतं. मला वाटलं, चाखणीत अडकली. मला वाटलं, ती आपली वाट बघत असेल.”

सूर आला. तुटला. प्रत्येक वेळी बॅटरीतला एक घास जात होता.

“परत झोपवायला हवी,” शंकी म्हणाली. “‘झोप’ पाठवा. लगेच.”

“कुणाला? छोट्याला कळत नाही तो शब्द.”

“मोठ्याला.”

“मोठा ती उभी असतानाच ऐकतो. सूर ऐकून आपण पाठवणार, पोचेपर्यंत ती आडवी.”

“सतत पाठवत राहिलो तर?” कानाने विचारलं.

“अर्धा तुकडा कानात पडला की ती अख्खा हुकूम फेटाळते,” मामा म्हणाला. “मीच तसं करून ठेवलंय.”

मग त्याने डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट टेबलावर वाजवायला लागला. सूर आला की एक, तुटला की एक. बोट आधी मागे पडत होतं, मग बरोबर आलं. मग शंकीच्या लक्षात आलं की ते थोडं पुढे चाललंय. तो सूर यायच्या आधी वाजवत होता. चंद्रापर्यंत जाण्या-येण्याचा वेळ त्याने बोटातच वजा केला होता.

“बोट पडलं की पाठव,” तो म्हणाला.

तिने बटणावर बोट ठेवलं. त्याचं बोट पडलं, तिचं पडलं. सूर आला, तुटला, पुन्हा आला.

“जरा आधी,” ती म्हणाली. “तिची उभी राहायची वेळ कमी होतेय. बॅटरी बसत चालली आहे.”

“हो. ऐकतोय.”

पुन्हा दाबलं. पुन्हा नाही लागलं. लय दमलेल्या माणसाच्या श्वासासारखी बदलत होती आणि मामाचं बोट तिच्यामागून जात होतं. खोलीत कुणी हलत नव्हतं. बाई दारात येऊन उभ्या होत्या, केव्हापासून कुणास ठाऊक. शंकीला मामाच्या कपाळावरची शीर दिसत होती. तिला त्याचा राग आला होता, एवढा की आपल्यात तो मावणार नाही असं वाटत होतं, आणि त्याच वेळी तिचे डोळे त्याच्या बोटावरून हलत नव्हते. या क्षणी जगात तिला त्या बोटाइतकं खरं काही नव्हतं.

बोट पडलं. तिने दाबलं.

सूर आला. तुटला.

मग आलाच नाही.

“गेली?” कुणीतरी विचारलं.

“झोपली,” मामा म्हणाला. मग म्हणाला, “किंवा गेली.”

यानंतरची शांतता मात्र सगळ्यांनी मिळून काढली. कुणी घरी गेलं नाही. ऊन चढत राहिलं. ठिपका फोटोत मोठा झाला. आणि एका वेळी, कुणी बघत नसताना, कुणी काही पाठवलेलं नसताना, स्पीकरमधून सूर आला आणि तुटला नाही. गाडीने चाखून बघितलं होतं. ऊन खरं होतं. ती उठली होती.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आधी बॅटरीचे आकडे मागवले. ते पडद्यावर आले, तेव्हा शंकीने ते वाचले आणि बाजूला सरकली, मामाला दिसावेत म्हणून. बॅटरीतले निम्म्याहून जास्त सेल मेले होते. गोठलेले असताना उपसले गेले, ते परत भरत नाहीत.

बाईंनी विचारलं, “पुढची रात्र काढेल?”

“नाही,” मामा म्हणाला.

“‘ऊठ’ कुणी पाठवलं?”

कानाने जमिनीकडे बघितलं.  शंकीने ‘त्यांनी’ असं म्हटलं असतं तर खरंच होतं. ‘सगळ्यांनी मिळून ठरवलं’ म्हटलं असतं तर आई खूश झाली असती. पण तिला दोन्ही बोलायला वेळ मिळाला नाही.

“मी,” मामा म्हणाला. “विचारलं नाही कुणाला. तुम्ही फोनवर होता, ती बाहेर होती. मला ती शांतता झेपली नाही.”

बाईंनी मान हलवली. मान हलवण्यापलीकडे त्यांनी काय केलं ते पुढे कागदांवर उतरलं, मामाची निवृत्ती थोडी आधी आली. पण त्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, “एक दिवस आहे आपल्याकडे. चंद्रावरचा एक. तो कसा वापरायचा ते दोघांनी मिळून सांगा.”

सगळे गेले. कान खुर्चीतच पेंगला होता. दोघं कन्सोलसमोर बसले. शंकीने दिवसाचा विजेचा हिशेब उघडला. पॅनल किती देणार, कन्व्हर्टर त्यातून किती खाणार, चाकांना किती, कॅमेऱ्याला किती. तिला बोलायचं होतं. कशाला केलंत, असं विचारायचं होतं. माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता का, असंही. पण त्याने सांगितलं ते खरंच होतं, आणि तिसऱ्यांदा गणित मांडताना तिचाही आकडा चुकला होता. ती आणखी थोडा वेळ त्या शांततेत कन्सोलपाशी बसली असती आणि मामा जागेवर नसता, तर ‘ऊठ’वर तिचाच हात गेला नसता, याची तिला खात्री देता येईना. शंका घेणं हे तिचं कामच होतं, पण ही शंका कुठल्या पेटीत घालून तपासायची ते तिला कळेना.

“हे काय?” मामाने पडद्यावर बोट ठेवलं. “हीटरसाठी राखून ठेवलंयस.”

“ते रात्रीचं आहे. दुपारी भरून ठेवलं नाही तर...”

ती थांबली.

“हो,” मामा म्हणाला.

तिने तो आकडा पुसला. त्या जागी शून्य आलं. एवढी वर्षं या विभागात सगळे वीज वाचवायलाच शिकले होते. आता वाचवायचं काहीच नव्हतं. मग मामाने चाकांची मर्यादा काढली. तिने कन्व्हर्टरला सांगितलं, पॅनल देईल ते सगळं पुढे जाऊ दे. दूर उत्तरेला एका खड्ड्याची कड होती. तिथले दगड बघायचे म्हणून ही मोहीम निघाली होती, आणि गोगलगायीच्या चालीने तिथे पोचायला तिला मिळणार होते ते सगळे दिवस लागणार होते.

हुकूम गेला. थोड्या वेळाने गाडीचं उत्तर आलं. कान जागा झाला आणि म्हणाला, “अरे, ही पळतेय!”

पळत होती म्हणजे माणूस रमतगमत चालेल तेवढी. पण तिच्या मानाने ते पळणंच. चाकांमागे धूळ उडत होती आणि पडद्यावरची विजेची रेघ पहिल्यांदाच वरच्या टोकाला टेकली होती. शंकीने कागद ओढला आणि त्या वेगाने संध्याकाळपर्यंत कडेपाशी पोचते का ते मांडलं.

पोचत नव्हती. थोडक्यासाठी.

तिने कागद मामाकडे सरकवला. त्याने चष्मा पुसला, तिचा प्रत्येक आकडा तपासला, आणि कागद परत दिला. मग पडद्यावरच्या हिशेबातला कॅमेऱ्याचा आकडा पुसून तो म्हणाला, “कडेपर्यंत फोटो नकोत. हे धरून पुन्हा कर.”